गॉल म्हणजे कोंबडा, दूध, ताकद की परका? चार अर्थ शेजारी शेजारी ठेवून

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. रोमन इतिहासावरचं एक पुस्तक ती मराठीत आणतेय आणि पहिल्याच प्रकरणात एका तळटीपेपाशी अडकलीय, की गॉल, म्हणजे रोमन काळात आजच्या फ्रान्सच्या भागात राहणारे लोक, या नावाचा अर्थ काय द्यायचा. शोधलं तर एक जण म्हणतो कोंबडा, दुसरा म्हणतो दुधासारखे गोरे, तिसरा म्हणतो बलवान, चौथा म्हणतो परके लोक, आणि चौघंही एकदम ठाम. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे तिला उत्तर देता देता बरंच लिहून झालं. तेच जरा नीट करून इथे टाकतेय, कारण भाषांतर करणारे, क्विझ काढणारे, मुलांना गोष्टी सांगणारे, सगळ्यांनाच कधी ना कधी यातला एक अर्थ निवडावा लागतो.

आधी एक गाठ सोडवून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं गुंतेल. आपण गॉल हा एकच शब्द म्हणतो पण त्यामागे शब्द चार आहेत. रोमन लोक म्हणायचे गाल्ली, एकटा असेल तर गाल्लुस आणि देश गाल्लिया. ग्रीक म्हणायचे गालाताय. त्याच्याही आधीपासून ग्रीकांकडे दुसरा एक शब्द होता, केल्टोय. आणि चौथा फ्रेंच शब्द, ज्याचा उच्चार ते गोल असा करतात, तोच इंग्रजीतून आपल्याकडे गॉल होऊन आला. हा चौथा शब्द म्हणजे लॅटिन गाल्लियाचंच फ्रेंच रूप असणार असं बघताक्षणी वाटतं, मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं, पण ते तसं नाहीये. त्यावर पुढे सविस्तर येते कारण या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

रोमन सेनापती सीझर इ.स.पू. 58 मध्ये गाल्लियात लढायला गेला आणि त्या युद्धाची हकिगत त्याने स्वतः लिहून ठेवली. सुरुवातच अशी आहे की सगळ्या गाल्लियाचे तीन भाग, एकात बेल्गी राहतात, एकात अक्विटानी, आणि तिसऱ्यात ते लोक ज्यांना त्यांच्या भाषेत केल्टी आणि आमच्या भाषेत गाल्ली म्हणतात. म्हणजे सीझरच्या हिशेबाने तरी गाल्ली हा रोमन लोकांचा शब्द झाला आणि ते लोक स्वतःला वेगळंच काही म्हणत होते. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता कोंबडा. पॅरिसला जाऊन आलेल्या कोणीही कोंबड्याचे फ्रिज मॅग्नेट आणलेले असतात, फ्रान्सच्या फुटबॉल टीमच्या जर्सीवर कोंबडा असतो, त्यामुळे हा अर्थ सगळ्यात जास्त पसरलाय. लॅटिनमध्ये गाल्लुस म्हणजे कोंबडा आणि गाल्लुस म्हणजेच गॉल माणूस, अक्षर न अक्षर सेम. रोमन लोकांना हा श्लेष चांगला माहीत होता. इ.स. 68 मध्ये गॉलमधे विंडेक्स नावाच्या गव्हर्नरने नीरो बादशहाविरुद्ध बंड केलं, नीरोला गायची भारी हौस, तेव्हा रोममध्ये कोणीतरी खांबांवर लिहून ठेवलं की याने गाऊन गाऊन गाल्लींनाही जागं केलं. कोंबडे म्हणा किंवा गॉल म्हणा, दोन्ही बसतं. रोमन चरित्रकार स्वेटोनियसने ही गोष्ट नोंदवून ठेवलीय. पण नावांचा श्लेष होतो म्हणून एक नाव दुसऱ्यातून निघालं असं होत नाही ना. पक्ष्याचं नाव बहुधा हाक मारणे, ओरडणे अशा अर्थाच्या जुन्या धातूतून आलंय, रशियनमधला आवाज या अर्थाचा गोलोस हा शब्द त्याच कुळातला धरतात. आणि मुख्य मुद्दा असा की ग्रीकही या लोकांना गालाताय म्हणत होते, आणि ग्रीकमध्ये कोंबड्याला म्हणतात अलेक्टोर किंवा अलेक्त्रिऑन, तिथे हा श्लेष जुळतच नाही. ज्या भाषेत श्लेष जुळत नाही तिथेही नाव आहेच, मग नाव कोंबड्यावरून कसं पडेल? फ्रान्सने कोंबडा आपलं चिन्ह म्हणून मिरवणं ही फार नंतरची गोष्ट आहे, नेपोलियनला तो नको होता, त्याने गरुड घेतला, आणि 1830 नंतर नॅशनल गार्डच्या बटणांवर कोंबडा परत आला. म्हणजे चिन्ह नावावरून आलं, नाव चिन्हावरून नाही.

दुधाचं प्रकरण याचीच जुळी बहीण आहे. ग्रीकमध्ये गाला म्हणजे दूध. गॉल लोक गोरे, म्हणून गालाताय, असं ख्रिस्ती लेखक लाक्टान्टियसने म्हटल्याचं संत जेरोमने लिहिलंय, आणि सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने तेच आपल्या शब्दव्युत्पत्तीच्या मोठ्या ग्रंथात घातलं, तिथून ते शेकडो वर्षं शाळामठांतून फिरत राहिलं. त्याआधी ग्रीक लेखकांनी कथाही जोडून दिल्या होत्या. समुद्रातली अप्सरा गालातेआ आणि एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस यांना केल्टुस, इलिरियुस आणि गालास असे तीन मुलगे झाले, त्यांच्यावरून तीन जमाती, असं अप्पियन सांगतो. डिओडोरस वेगळंच सांगतो, त्याच्याकडे हर्क्युलीस आणि तिथली एक राजकन्या यांचा मुलगा गालातेस. वाचायला या कथा सुंदर आहेत आणि आपल्याला असल्या वंशकथा नवीन नाहीत, यदूवरून यादव आणि कुरूवरून कौरव ऐकतच मोठे झालोय. पण दुधाची पंचाईत कोंबड्यासारखीच, फक्त उलट्या बाजूने, की हा श्लेष ग्रीकमध्येच जुळतो, लॅटिनमध्ये दुधाला लाक म्हणतात. रोमनाने स्वतःच्या भाषेतला कोंबडा बघितला, ग्रीकाने स्वतःच्या भाषेतलं दूध.

हे आपल्याकडेही झालंय बघा. बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज बॉम बाइया, चांगली खाडी, हे आपण सगळ्यांनी कधीतरी वाचलंय आणि काहींनी शाळेत उत्तर म्हणून लिहिलंयही. पण पोर्तुगीजमध्ये खाडी हा शब्द स्त्रीलिंगी आहे, बॉम पुल्लिंगी, चांगली खाडी म्हणायचं तर बोआ बाइया म्हणावं लागेल. मुंबादेवीचं नाव कानावर आलं आणि परक्या कानाने त्यात आपला शब्द शोधला, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. कोंबडा आणि दूध दोन्ही त्याच पेटीत टाका. तळटीपेत द्यायचेच असतील तर "रोमन लोक असा श्लेष करत" एवढंच द्या, अर्थ म्हणून देऊ नका.

आता तिसरा, ताकदीचा. हा मला पटतो आणि बहुतेक भाषातज्ज्ञही याच बाजूचे आहेत. गॉल लोकांची भाषा मेली पण तिच्या बहिणी, म्हणजे केल्टिक कुटुंबातल्या बाकीच्या भाषा, जिवंत आहेत आणि त्यांच्यात हा गल् धातू रोजच्या वापरात आहे. वेल्शमध्ये गाल्ली या उच्चाराच्या जवळ जाणारं क्रियापद आहे, गाल्लू, अर्थ जमणे, शक्य असणे, करू शकणे. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटनमध्ये गाल्लूद म्हणजे सामर्थ्य. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कॉर्निशमध्ये गाल्लोस, तेच. जुन्या आयरिशमध्ये गल म्हणजे शौर्य, आणि वीरकथांमध्ये लढताना अंगात येतो तो आवेश. आणि केल्टिक कुटुंबाच्या बाहेर पार बाल्टिक समुद्रापाशी लिथुएनियनमध्ये गालिया म्हणजे ताकद. इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच धातू एकाच अर्थाने सापडतो तेव्हा तो योगायोग नसतो. म्हणजे गालाताय आणि गाल्ली म्हणजे समर्थ लोक, आवेशाने लढणारे लोक. रोमनांच्या गाल्लीत ल दोनदा का आणि ग्रीकांच्या गालातायमध्ये एकदाच का, दोन्ही नावं नेमकी कशी जोडलेली, यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण धातू एकच यावर बऱ्यापैकी एकमत.

मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, की हे नाव ग्रीकांच्या कानावर मोठ्या प्रमाणात कधी पडलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो तेव्हा तो केल्टोय म्हणतो, डॅन्यूबच्या उगमाजवळ राहणारे लोक. गालाताय हे नाव जोरात येतं ते इ.स.पू. 279 च्या आसपास, जेव्हा ब्रेन्नस नावाच्या सेनापतीच्या टोळ्या ग्रीसमध्ये घुसल्या आणि थेट डेल्फीपर्यंत गेल्या. पुढच्याच वर्षी त्यातल्या काही समुद्र ओलांडून आजच्या तुर्कस्तानात उतरल्या आणि अंकाराच्या परिसरात कायमच्या वसल्या, तो भाग गलातिया. पुढे ग्रीक प्रवासी लेखक पाउसानियस स्वच्छ लिहून ठेवतो की गालाताय हे नाव उशिरा रूढ झालं, पूर्वी ते स्वतःलाही आणि इतरही त्यांना केल्टोय म्हणत. मग मला असं दिसतं की गालाताय हे सुरुवातीला जातीचं किंवा देशाचं नाव नसून चालून येणाऱ्या लढवय्यांचं नाव असावं, आपण मावळे किंवा बारगीर म्हणतो तशा धर्तीचं, आणि ज्यांनी मार खाल्ला त्यांनी ते सगळ्या लोकांना लावलं. हे माझं मत आहे, पण काळाचा क्रम त्याच्याशी जुळतो. (मराठी बायबलमधलं "गलतीकरांस पत्र" आठवतंय का, ते पत्र याच गलातियातल्या लोकांना लिहिलेलं, गलती या आपल्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. आणि जेरोमने चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की त्यांची बोली जर्मनीतल्या ट्रिअरकडच्या लोकांच्या बोलीसारखी आहे, सहाशेहून जास्त वर्षांनी आणि इतक्या अंतरावर, हे वाचून मी थक्क झाले होते.)

केल्टोयचं थोडक्यात उरकते कारण तिथे खात्रीने निवड करता येत नाही. एक मत उंच, उन्नत असा अर्थ धरतं, लॅटिन केल्सुस म्हणजे उंच त्याच्या जोडीला. दुसरं मत प्रहार करणारे, लढणारे. तिसरं मत लपलेला या अर्थाच्या धातूकडे जातं, आणि त्याला आधार म्हणून सीझरचंच वाक्य दाखवतात की गॉल लोक स्वतःला पाताळातल्या देवाचे वंशज मानतात, म्हणजे गुप्त देवाची लेकरं. तिसरं मत ऐकायला फार छान आहे पण मी ते तळटीपेत घालणार नाही. एवढं मात्र पक्कं की हा शब्द त्यांच्यात चालत होता, व्हर्सिंगेटोरिक्स या त्यांच्या शेवटच्या मोठ्या सेनापतीच्या बापाचं नाव केल्टिल्लुस होतं.

आणि आता चौथा अर्थ, परका. फ्रेंच गोल हा शब्द लॅटिन गाल्लियातून आला असता तर तो आज असा दिसलाच नसता. लॅटिनमधून फ्रेंच होताना शब्दाच्या सुरुवातीचा ग, पुढे अ असेल तर, झ सारखा होतो. गाम्बा म्हणजे पाय, त्याचं झाम्ब झालं. गाउदिया म्हणजे आनंद, त्याचं झ्वा झालं. खुद्द गाल्लीना म्हणजे कोंबडी, तिचं जुन्या फ्रेंचमध्ये झेलिन झालं. मग गाल्लियाचं झाय अशासारखं काहीतरी व्हायला हवं होतं, आणि शिकलेल्या लोकांनी पुस्तकातून उचललं असतं तर इटालिया आणि इटाली या जोडीसारखं गाल्ली व्हायला हवं होतं. गोल कुठूनच निघत नाही.

निघतो तो पुढे गॉल जिंकणाऱ्या फ्रँक लोकांच्या जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, भाषेतून. जर्मानिक टोळ्या त्यांच्या शेजारच्या केल्टिक लोकांना, आणि नंतर लॅटिन बोलणाऱ्या कोणालाही, वाल्ह म्हणायच्या. आणि जर्मानिक शब्दातल्या 'व'चा फ्रेंचमध्ये शिरताना 'ग' होतो हे नेहमीचंच आहे, वेर्राचं गेर म्हणजे युद्ध झालं, वार्डोनचं गार्दे म्हणजे राखणे झालं. तसाच आल् चा ओ होतो, आल्तेरचं ओत्र म्हणजे दुसरा झालं. वाल्ह लोकांचा देश, त्याचा गोल. सगळे नियम जागच्या जागी बसतात. कोंबडा आणि दूध यांच्यात फक्त दिसण्यातलं साम्य आहे आणि इथे दिसण्यात काहीच साम्य नसून प्रत्येक आवाजाचा हिशोब लागतो, मला व्युत्पत्तिशास्त्र आवडतं ते यासाठीच.

हा वाल्ह कुठून आला तर व्होल्के नावाच्या एका केल्टिक जमातीवरून, सीझरच्या लिखाणात ते जर्मन जंगलांजवळही दिसतात आणि त्यांचेच भाऊबंद दक्षिण फ्रान्समध्ये आजच्या तुलूझकडेही. जर्मानिक लोकांच्या शेजारची एक जमात, तिचं नाव सगळ्या परक्यांना. यवन शब्दाचं आपण हेच केलं, आयोनियातले ग्रीक म्हणजे यवन, मग सगळे ग्रीक यवन, लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात खांबांचं दान देणारे यवन कोरलेले आहेत, आणि पुढे तर पश्चिमेकडून आलेला कोणीही यवन. वाल्हचा पसारा मोठा आहे. इंग्रजीत वेल्स आणि वेल्श त्यातूनच, कॉर्नवॉलमधला वॉल तोच, बेल्जियममधले वालून लोक तेच, रोमानियातलं वालाकिया तेच, पोलिश लोक आजही इटलीला व्वोही म्हणतात ते तेच, आणि अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात तेही परक्यांकडचं कवचफळ म्हणून. वेल्श लोक स्वतःला मात्र कम्री म्हणतात, म्हणजे एका मुलखातले, आपले देशबांधव.

आणि याची उलटी बाजूही आहे. आयरिश लोकांनी लॅटिन गाल्लुस घेतला, गॉलमधून येणाऱ्या माणसाला गाल्ल म्हटलं, मग व्हायकिंग आले त्यांना गाल्ल म्हटलं, मग इंग्रज आले त्यांनाही. आयर्लंडमधल्या डोनेगाल या जिल्ह्याचं नाव म्हणजे परक्यांचा किल्ला. म्हणजे ताकदवान या अर्थाचा शब्द आयर्लंडमध्ये परका होऊन बसला, आणि परका या अर्थाचा वाल्ह फ्रेंचमध्ये गॉल लोकांच्याच देशाचं नाव झाला.

दिसतात सारखे पण नाहीत असेही काही आहेत, ते पटकन सांगते म्हणजे कोणी फसणार नाही. आयर्लंड-स्कॉटलंडचे गेल लोक वेगळे, ते नाव जुन्या वेल्शमधून आयरिशमध्ये गेलं आणि मुळात रानातले, रानटी अशा अर्थाचं आहे. स्पेनमधलं गॅलिसिया काल्लाइकी जमातीवरून. युक्रेन-पोलंडमधलं गॅलिसिया हालिच शहरावरून. आणि आपल्याकडे पेपरात गॉल कसोटी म्हणून छापून येतं ते श्रीलंकेतलं गाल्ल, त्याचा यांच्याशी काही संबंध नाही, तरी तिथल्या डच किल्ल्याच्या जुन्या दरवाजावर कोंबडा कोरलेला आहे, श्लेष तिथेही पोचलाच. सिबेली देवीच्या पुजाऱ्यांनाही रोममध्ये गाल्ली म्हणत, ते नाव आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजियाच्या गाल्लुस नदीवरून आल्याचं ओव्हिड सांगतो. जुन्या रोमन मजकुरात गाल्लुस दिसला की आधी संदर्भ बघा, माणूस आहे, पक्षी आहे, की पुजारी.

मग निवडायचं काय? ते तुम्ही कुठला शब्द समजावताय त्यावर आहे. रोमन किंवा ग्रीक माणसाच्या तोंडचं गाल्ली, गालाताय समजावायचं असेल तर समर्थ, लढवय्ये हाच अर्थ द्या, सोबत "बहुतेक अभ्यासकांच्या मते" एवढे तीन शब्द घाला. मराठीत आपण लिहितो तो गॉल हा शब्द कुठून आला हे सांगायचं असेल तर फ्रेंचमार्गे जर्मानिक वाल्ह, परका. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका, वाचणारा हमखास समजेल की एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. क्विझचा प्रश्न काढत असाल तर कोंबडा हा पर्याय चुकीच्या उत्तरांत ठेवा, बरोबर उत्तर म्हणून ठेवलात तर मुलांवर अन्याय होईल, मी एका आंतरशालेय स्पर्धेत हे होताना बघितलंय आणि बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीचे मार्क गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि केल्ट लिहू की गॉल, असंही मैत्रिणीने विचारलं होतं. मी म्हटलं, सीझरच्या काळातल्या फ्रान्समधल्या लोकांसाठी गॉल, आयर्लंडपासून अंकारापर्यंतचं सगळं भाषाकुटुंब म्हणायचं असेल तेव्हा केल्ट. डिओडोरसने तर तेव्हाच तक्रारवजा लिहिलंय की दक्षिण फ्रान्समधल्या मार्से शहराच्या वरच्या बाजूचे ते केल्टोय, त्यांच्या पलीकडे उत्तरेचे ते गालाताय, पण रोमन लोक सगळ्यांना एकच नाव लावतात.

तिला मी अजून एक सुचवलंय, पुस्तकात नकाशा देणार असशील तर त्यावर नुसतं गॉल असं मोठ्ठं लिहून सोडू नकोस, जमातींची नावं घाल. कारण तिथल्या साध्या माणसाला तू कोण विचारलं असतं तर त्याने बहुधा जमातीचं नाव सांगितलं असतं, आणि ती नावं आपल्याला चक्क ओळखीची लागतात. बिटुरिगेस म्हणजे जगाचे राजे, त्यातला रिग् आणि आपला राजन् एकाच मुळाचे, व्हर्सिंगेटोरिक्समधला रिक्सही तोच. अंबियानी म्हणजे दोन्ही बाजूंना राहणारे, त्यातला अंबि म्हणजे संस्कृतातला अभि. पेट्रोकोरी म्हणजे चार सैन्यं, त्यातला पेट्रो आपल्या चत्वारचा भाऊ. अल्लोब्रोगेस म्हणजे दुसऱ्या मुलखातले, आणि त्यातला ब्रोग म्हणजे मुलूख, जो वेल्श लोकांच्या कम्रीमध्येही लपलेला आहे. पॅरिस हे पारिसी जमातीचं, रॅंस रेमी जमातीचं, आमियां त्या अंबियानींचं, बूर्ज बिटुरिगेसचं. देशाचं नाव मात्र जिंकणाऱ्या फ्रँक लोकांवरून फ्रान्स पडलं, आणि तोच फ्रँक अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे येऊन फिरंगी झाला, आधी गोव्यातल्या पोर्तुगीजांना आणि मग त्यांच्याकडून आलेल्या पात्याच्या तलवारीलाही, जिला आपण फिरंग म्हणतो. ग्रीकांनी मात्र जुनं नाव सोडलेलं नाही, अथेन्सच्या विमानतळावर आजही फ्रान्सला जाणाऱ्या माणसाला विचारलंत तर तो सांगेल, गालियाला चाललोय.